लॅपटॉपच्या चार्जरची केबल सुटी करा : ग्राहक व्यवहार विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय : लॅपटॉपच्या पॉवर अ‍ॅडॉप्टरमधून बाहेर येणारी केबल सुटी आणि बदलता येण्याजोगी असणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो असून सध्या दापोलीत, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, राहतो. निवृत्तीनंतर दुकान काढायचे नाही असे ठरवले होते आणि ते काढलेही नाही. परंतु पडवीतल्या टेबलावर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे हे एकदा आळीला कळले की माणसे येतच राहतात. मिक्सर येतो, पंख्याचा रेग्युलेटर येतो, सेट-टॉप बॉक्स येतो आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यांत जास्त लॅपटॉपचे चार्जर येतात. आलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख, बिघाड आणि केलेले काम मी एका शंभर पानी वहीत लिहून ठेवतो; नोकरीत जॉब कार्ड भरून घेण्याची सवय होती, ती सुटलेली नाही. त्या वहीत चार्जरपुढच्या ‘बिघाड’ या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘केबल’ हा आहे आणि हे पत्र त्या एका शब्दाविषयी आहे.

बाजारात ज्याला आपण सगळे चार्जर म्हणतो तो खरे तर अ‍ॅडॉप्टर असतो. बॅटरीत किती वीज जायची आणि कधी थांबायची हे लॅपटॉपच्या आतले सर्किट ठरवते. बाहेरच्या काळ्या ठोकळ्याचे काम घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून साधारण १९ किंवा २० व्होल्टची डीसी वीज करून देणे एवढेच आहे. हे काम तो बऱ्यापैकी इमानाने करतो. वळवाच्या पावसात वीज कडाडते किंवा लाइन जाऊन परत येताना व्होल्टेज उसळते, तेव्हा आतला फ्यूज, रेक्टिफायर किंवा मॉस्फेट जातो, हे खरे आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवसांनी वीज आली, त्या पंधरवड्यात माझ्याकडे असे जळलेले ठोकळे एकामागून एक आले होते. तथापि ते वर्ष अपवादाचे होते. एरवी ठोकळा ठणठणीत असतो आणि त्याच्यातून लॅपटॉपकडे जाणारी केबल पिनच्या मानेपाशी तुटलेली असते.

ती तुटण्याची रीत आपल्या कार्यालयातल्या कोणालाही ठाऊक असेल. आधी चार्जिंगचा दिवा अधूनमधून विझतो. मग केबल विशिष्ट कोनात धरली की चालते, म्हणून तिच्याखाली वही, पाकीट, चष्म्याचे घर असे काहीतरी टेकू म्हणून ठेवले जाते. अर्धवट तुटलेल्या तारांत बारीक ठिणग्या पडू लागतात, मान गरम होते, आवरण मऊ पडते आणि एके दिवशी काहीही केले तरी दिवा लागत नाही. तो दिवस बहुधा परीक्षेच्या किंवा अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीच येतो, अशी माझी जुनी शंका आहे.

मागच्या जून महिन्यात शेजारची एक मुलगी असाच चार्जर घेऊन आली. ती औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप तिच्या वडिलांनी हप्त्याने घेतलेला असून त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. ‘‘काका, या कोनात धरली की चालायची, आता तशीही चालत नाही,’’ एवढेच ती म्हणाली. वस्तू हमीच्या मुदतीत होती, म्हणून मी तिला हात लावला नाही आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेण्यास सांगितले. त्या कंपनीचे सेंटर आमच्या जिल्ह्यात नाही, त्यामुळे बापलेक एसटीने पुण्याला गेले आणि एक पूर्ण दिवस मोडून रात्री परत आले. मानेपाशी केबल तुटणे ही ‘भौतिक इजा’ असल्याने ती हमीत बसत नाही; अ‍ॅडॉप्टरची दुरुस्ती होत नाही, तो पूर्ण बदलावा लागतो; केबल सुटी मिळत नाही; नवा अ‍ॅडॉप्टर ३,२०० रुपयांना पडेल आणि मागवावा लागत असल्याने आठ ते दहा दिवस लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने बोलला आणि त्याच्यापुढच्या संगणकात दुसरा पर्यायच नव्हता, हेही त्यांनी मला आवर्जून सांगितले. म्हणून कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही. दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या सेंटरमध्ये याहून फार वेगळे काही ऐकायला मिळाले असते असे मला वाटत नाही.

आठ-दहा दिवस थांबणे शक्य नव्हते, म्हणून तिच्या वडिलांनी बाजारातून साडेसहाशे रुपयांचा ‘कम्पॅटिबल’ अ‍ॅडॉप्टर आणला. पिन बसली आणि लॅपटॉप सुरू झाला. परंतु पडद्यावर अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नसल्याचा संदेश आला, बॅटरी चार्ज होईना आणि यंत्र इतके मंद झाले की पान उघडायला मिनिट लागू लागले. तिसऱ्या दिवशी त्या ठोकळ्याला जळका वास येऊ लागला, तेव्हा तो माझ्या टेबलावर आला.

तो उघडण्यास मला फारसे कष्ट पडले नाहीत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सांध्यावर चार वेळा ठोकताच त्याची दोन शकले झाली. फ्यूजच्या जागी साध्या तारेचा तुकडा डाखलेला होता. वीज शुद्ध करणारी जी कॉइल आत शिरताच असायला हवी, तिच्या जागीही दोन तारा होत्या. घरातल्या विजेची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी बाजू यांच्यामध्ये सर्किट बोर्डावर सहा मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा आम्ही प्रशिक्षणार्थींना शिकवतो. येथे ती जेमतेम दोन होती. म्हणजे थोडी ओल, थोडी धूळ किंवा एखादी मुंगी यांच्या मध्यस्थीने २३० व्होल्ट थेट त्या मुलीच्या बोटांपर्यंत पोचू शकले असते. वजन भरावे म्हणून तळाशी एक लोखंडी पट्टी चिकटवलेली होती. हा चार्जर बनवणाऱ्याने सर्व काटकसर केली, पण गिऱ्हाईक वस्तू हातात तोलून पाहते हे तो विसरला नाही.

याच ठोकळ्याच्या लेबलवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह होते आणि त्याखाली ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांकही होता. माहिती-तंत्रज्ञान उपकरणांचे पॉवर अ‍ॅडॉप्टर सक्तीच्या नोंदणी आदेशाखाली येतात आणि नोंदणीवाचून ते विकता येत नाहीत, हे मला माहीत होते. म्हणून तो क्रमांक मी ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये घालून पाहिला. क्रमांक खरा निघाला, परंतु तो भलत्याच उत्पादकाच्या भलत्याच वस्तूचा होता. आपल्या विभागाने हे अ‍ॅप सर्वसामान्यांच्या हाती दिले ही उत्तमच गोष्ट आहे, फक्त त्या मुलीचे वडील दुकानात उभे असताना त्यांना त्याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. त्यांनी चिन्ह पाहिले आणि विश्वास ठेवला. चिन्ह त्यासाठीच तर असते.

यानंतर मी मूळ अ‍ॅडॉप्टर हातात घेतला. त्याच्या लेबलवर १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असे लिहिलेले होते, म्हणजे तो ६५ वॅटचा. पिनच्या रबरी मानेपासून चार बोटे सोडून केबल कापली. काळे आवरण सोलले तेव्हा आत तांब्याच्या केसासारख्या तारांची जाळी दिसली. ती लालसर चकचकीत असायला हवी, परंतु आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेने ती मानेजवळ हिरवट-काळी पडली होती आणि नखाने ओढताच तिचा भुगा होत होता. त्या जाळीच्या आत पांढरे आवरण, त्याच्या आत दुसरी जाळी आणि अगदी गाभ्यात सुईत ओवता येईल अशी एक बारीक निळी तार. बाहेरची जाळी ऋण, आतली धन आणि निळी तार ओळख सांगणारी, म्हणजे ‘मी ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर आहे’ एवढा निरोप लॅपटॉपला पोचवणारी. मल्टिमीटर लावला तर ठोकळ्याकडच्या टोकावर १९.६ व्होल्ट मिळाले. ठोकळ्याला काहीही झालेले नव्हते.

पुण्याच्या तापकीर गल्लीत अशी तयार पिन-केबल मिळते. गावातला एक मुलगा शनिवारी घरी येताना ती १८० रुपयांना घेऊन आला. तिन्ही तारांचे जोड एकावर एक न येता पुढेमागे राहतील असे कापून डाख दिला, प्रत्येक जोडावर स्वतंत्र श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली आणि सगळ्यांवर मिळून एक जाड स्लीव्ह. चहाचा कप संपण्याच्या आत काम झाले. लॅपटॉपने अ‍ॅडॉप्टर ओळखला, बॅटरी चार्ज होऊ लागली आणि आजही होते आहे.

यावरून सर्वांनी घरोघरी केबल कापाव्यात असे मला सुचवायचे नाही. धन-ऋणाची अदलाबदल झाली तर अ‍ॅडॉप्टरबरोबर लॅपटॉपही जातो. मला पत्रातून दाखवायचे आहे ते प्रमाण. ३,२०० रुपयांच्या वस्तूत नादुरुस्त होते ते चार बोटे तांबे, आणि ते बदलून देण्याची सोय वस्तू बनवणाऱ्याने ठेवलेली नाही, अधिकृत सेंटरकडे नाही, आणि म्हणून ग्राहकापुढे उरतात दोन वाटा : संपूर्ण नवा अ‍ॅडॉप्टर किंवा लोखंडी पट्टीचा ठोकळा.

याच अ‍ॅडॉप्टरची दुसरी बाजू कृपया पाहावी. भिंतीतल्या सॉकेटकडून येणारी जाड केबल ठोकळ्याला कायमची जोडलेली नसते; तीन गोल भोकांच्या ज्या टोकाला मुले मिकी माउस म्हणतात, ते ओढले की ती निघते. ती खराब झाली तर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून दुसरी आणता येते आणि कोणत्या कंपनीचा अ‍ॅडॉप्टर आहे असे दुकानदार विचारतही नाही. गंमत अशी की ही केबल क्वचितच तुटते, कारण ती भिंत आणि ठोकळा यांच्यामध्ये एकदा पडली की पडली. रोज वाकते, गुंडाळली जाते, खुर्चीच्या चाकाखाली येते आणि मांडीवरच्या लॅपटॉपबरोबर हिसके खाते ती पुढची केबल, आणि नेमकी तीच ठोकळ्यात ओतून पक्की केलेली असते. २३० व्होल्टची केबल सुटी ठेवणे सुरक्षित मानले गेले आहे; मग १९.५ व्होल्टची, जिला हात लागला तरी धक्का बसत नाही ती, पक्की का, या प्रश्नाचे उत्तर मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

उत्पादकांची बाजू मी समजू शकतो, कारण तीच बाजू मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवली आहे. ठोकळा उघडता येऊ नये असे ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे. आतल्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात. हौशी माणसाने तिथे स्क्रू ड्रायव्हर घालू नये. म्हणून ठोकळा उघडा ठेवा अशी माझी मागणीच नाही. तो खुशाल बंद राहू द्यावा. सुटी केबल म्हणजे एक जोड जास्त, जोड म्हणजे सैलपणा आणि उष्णता, असाही युक्तिवाद होईल. परंतु सव्वातीन अँपिअर म्हणजे काही फार मोठी वीज नव्हे आणि जोड तर आजही आहेच, लॅपटॉपच्या पिनपाशी. फोनच्या चार्जरला सुटी केबल असते आणि ती तुटली की आपण केबल बदलतो, चार्जर फेकत नाही. हे ज्या दिवशी नवे वाटत होते तो दिवस कधीच मागे पडला.

निळ्या तारेविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. अ‍ॅडॉप्टरने आपली ओळख सांगणे यात मुळात गैर काही नाही. ४५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला लावला तर तो तापेल; लॅपटॉपने ते ओळखून वीज कमी घेणे हे शहाणपणाचेच आहे. अडचण पुढे आहे. ही ओळख प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते. कोणी साधा रेझिस्टर वापरते, कोणी बारीकशी चिप, आणि ती कशी आहे हे अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले नसते, लॅपटॉपच्या पोटाखाली लिहिलेले नसते, खोक्यावर तर नसतेच. पिनची जाडी किती, आतले भोक केवढे, हेसुद्धा लेबलवर नसते. माणूस दुकानात जुनी पिन नेतो आणि दुकानदार डब्यातल्या पिना एकेक लावून पाहतो. जी बसेल ती योग्य, असा व्यवहार चालतो. बसलेली पिन आणि योग्य अ‍ॅडॉप्टर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे विकत घेणाऱ्याला घरी गेल्यावर, पडद्यावरचा संदेश पाहून कळते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानलेला आहे. दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरवर या लॅपटॉपची बॅटरी चार्ज होणार नाही, ही माहिती त्या हक्कात बसते की नाही, याचा निर्णय आपणच द्यावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा असे मला त्या वेळी अनेकांनी सुचवले आणि मी फोन हातात घेऊनही बसलो होतो. परंतु तक्रार नेमकी कशाविरुद्ध करायची हे मलाच सांगता येईना. केबल सुटी ठेवा असा नियम नाही, म्हणून तो मोडलेला नाही. मानेपाशी तुटणे ही भौतिक इजा नव्हे असे कोठे लिहिलेले नाही. पिनचे माप छापा असेही कोणी सांगितलेले नाही. नकली क्रमांकाची तक्रार मात्र करता आली असती आणि ती मी अ‍ॅपवरून केली. बाकीच्यासाठी हे पत्र लिहिण्याशिवाय मार्ग दिसला नाही.

यूएसबी टाइप-सी आल्यावर हा प्रश्न आपोआप सुटेल, असे उत्तर मला अपेक्षित आहे. आपल्याच विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलेल्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांच्यासाठी टाइप-सी चार्जिंग पोर्ट स्वीकारण्यावर सर्वसाधारण एकमत झाले होते आणि भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक प्रसिद्धही केले आहे. युरोपीय संघात फोन आणि टॅब्लेटसाठी ही सक्ती २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली असून लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली गेली. दिशा योग्यच आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. गोल पिनांचा तो दुकानातला डबा एकदाचा नाहीसा झाला तर मला आनंदच होईल.

मात्र दोन गोष्टी येथे स्पष्ट कराव्याशा वाटतात. पहिली अशी की टाइप-सी असणे आणि केबल सुटी असणे या एकच गोष्ट नव्हेत. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या टाइप-सी लॅपटॉप चार्जरांपैकी कित्येकांची केबल गोल पिनवाल्यांइतकीच ठोकळ्यात पक्की ओतलेली होती आणि तीही त्याच जागी, मानेपाशीच, तुटलेली होती. उलट ती जोडणे अधिक अवघड, कारण तिच्यात तारा अधिक आणि बारीक असतात, आणि टोकाला नवे टाइप-सी बसवणे हे पडवीतल्या टेबलावरचे काम नव्हे. म्हणजे केबलविषयी वेगळे काही न सांगता नुसते टाइप-सी बंधनकारक केले, तर आज १८० रुपयांत होणारी दुरुस्तीसुद्धा उद्या होणार नाही. युरोपीय संघाने हे ओळखले आहे, असे दिसते. यूएसबी चार्जरांना सुटी केबल लागेल असे नियम त्यांनी २०२५ मध्ये स्वीकारले असून ते २०२८ च्या अखेरीस लागू व्हायचे आहेत.

दुसरी गोष्ट केबलवरच्या छापील माहितीची आहे. टाइप-सीच्या सगळ्या केबल दिसायला सारख्या असतात, परंतु साधी केबल तीन अँपिअरपर्यंतच वीज वाहते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्याहून जास्तीसाठी टोकात चिप असलेली पाच अँपिअरची केबल लागते आणि आजच्या मानकाप्रमाणे तिची मजल २४० वॅटपर्यंत जाते. ६५ वॅटचा लॅपटॉप फोनच्या केबलवर का रेंगाळतो, असे विचारत लोक माझ्याकडे येऊ लागले आहेत. केबलच्या टोकावर ‘६०’ किंवा ‘२४०’ एवढा आकडा ठसठशीत छापलेला असेल तर तो प्रश्न विचारावाच लागणार नाही. टाइप-सीच्या जागतिक संघटनेची तशी चिन्हे आहेतही. पेठेत मिळणाऱ्या केबलवर ती मला अभावानेच दिसतात.

आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्या विषयाचे पोर्टल सुरू केले आणि पुढे दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा यासाठी नेमलेल्या समितीने मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंविषयी २०२५ मध्ये अहवाल दिला, हे सर्व मी वर्तमानपत्रांतून लक्ष ठेवून वाचत आलो आहे. आयुष्यभर दुरुस्ती शिकवलेल्या माणसाला शासनाच्या कागदावर ‘दुरुस्ती’ हा शब्द हक्क म्हणून दिसावा, यातले समाधान मी शब्दांत सांगू शकत नाही. एकीकडे शासनाच्याच प्रशिक्षण संस्थांमध्ये आम्ही मुलांना एसएमपीएसमधला, म्हणजे अशाच ठोकळ्यातल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटमधला, बिघाड शोधायला शिकवतो, त्याची परीक्षा घेतो, प्रमाणपत्र देतो, आणि दुसरीकडे ती मुले बाहेर पडून ज्या वस्तूंपुढे उभी राहतात त्यांचे सांधेच वितळवून बंद केलेले असतात. एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले होते की सर, तुम्ही आम्हाला कुलपे उघडायला शिकवलेत, पण भिंतींना दारेच नाहीत, त्याचे काय? मी विषय बदलला होता.

म्हणून माझी विनंती अशी आहे. लॅपटॉपला दुरुस्तीयोग्यतेचे गुण देताना अ‍ॅडॉप्टरला यंत्राबरोबर येणारी किरकोळ जोडवस्तू समजू नये. तो स्वतंत्र भाग म्हणून मोजावा आणि त्याची केबल सुटी नसेल तर गुण कापावेत. पुढे एक तारीख ठरवून, त्यानंतर भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरची बाहेर जाणारी केबल सुटी असणे बंधनकारक करावे. पिन गोल असो वा टाइप-सी. त्या तारखेआधी विकल्या गेलेल्या लक्षावधी अ‍ॅडॉप्टरांसाठी कंपन्यांनी मूळ दर्जाची पिन-केबल सुटा भाग म्हणून, छापील किमतीसह, उपलब्ध करून द्यावी, म्हणजे ती बसवण्याचे काम चिपळूणचा किंवा दापोलीचा कारागीरही नीट करू शकेल आणि त्याला डब्यातली कोणतीतरी पिन शोधावी लागणार नाही. अ‍ॅडॉप्टरच्या लेबलवर पिनचे बाहेरचे व आतले माप, धन-ऋणाची खूण आणि ओळखीची तार आहे की नाही हे लिहिलेले असावे. व्होल्ट आणि अँपिअरसाठी तिथे जागा आहे, तर या अर्ध्या ओळीसाठीही होईल.

हमीच्या बाबतीत मागणी छोटी आहे, परंतु तिचा उपयोग सर्वांत आधी होईल. केबलची मान ही वाकण्यासाठीच बनवलेली असते. वर्षाच्या आत ती वाकून तुटली तर ग्राहकाने तिच्यावर घाव घातला असे गृहीत धरण्याऐवजी मान कमकुवत बनवली गेली असे गृहीत धरावे, आणि तसे नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी.

नोंदणी क्रमांकाच्या गैरवापराविषयी आपल्याकडे यंत्रणा आहे आणि तिचे काम मला शिकवण्याचा अधिकार नाही. तरी एक सुचवावेसे वाटते. क्रमांक अ‍ॅपमध्ये घातल्यावर उत्पादकाच्या नावाबरोबर त्या मॉडेलच्या लेबलचे छायाचित्रही दिसले तर हातातली वस्तू आणि पडद्यावरची वस्तू एकच आहे की नाही हे शाळेतला मुलगाही सांगू शकेल. शिवाय अ‍ॅडॉप्टर विकणाऱ्या दुकानात बिल मागितल्यावर त्यावर तो क्रमांक लिहून मिळाला पाहिजे. साडेसहाशे रुपयांच्या त्या ठोकळ्याला बिल नव्हते, म्हणून तो परत करायला जागाही नव्हती.

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये उत्पादकांवर विल्हेवाटीची जी जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून आली आहे, तिचा येथे विस्तार करीत नाही. चालू ठोकळा केवळ केबलपायी कचऱ्यात जातो, एवढे संबंधित मंत्रालयाच्या कानावर घालावे.

माझ्या म्हणण्याची खातरजमा करायची असल्यास फार लांब जावे लागणार नाही. आपल्या कार्यालयातल्या संगणक विभागाकडे बंद पडलेल्या अ‍ॅडॉप्टरांचे एखादे खोके असेलच. त्यातले दहा उचलून, ठोकळ्यापाशी केबल कापून, त्या टोकांवर मल्टिमीटर लावायला एखाद्या तंत्रज्ञाला सांगावे. किती ठोकळे जिवंत निघतात ते मला कळवले तर मी वहीत लिहून ठेवीन.

त्या मुलीच्या चार्जरची कापलेली मान मी जपून ठेवली होती. ती या पत्राच्या मूळ प्रतीसोबत स्पीड पोस्टाने आपल्याकडे पाठवीत आहे. आवरण मी उभे चिरून ठेवले आहे, त्यामुळे तुटलेली जागा भिंगाशिवायही दिसते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक
दापोली, जि. रत्नागिरी

सोबत : लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरची पिन, चार बोटे केबलसह, नग एक.